झबल्यावरची वस्ती

अठ्ठावीस जानेवारी १९७४ ला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी वाशीमच्या एका सरकारी कचेरीत रुजू झालो. मला मिळालेल्या खोलीत तेव्हा पुढील वस्तू होत्या: टेबलं दोन (पाय मिळून सात), खुर्ची एक, बंद घड्याळ एक, गावांचे जुने नकाशे एकशे त्रेचाळीस (पैकी वाळवीनं पूर्ण खाल्लेले एकोणीस, चाखून सोडलेले बावीस) आणि खिडकीखाली पत्र्याची एक पेटी. सगळ्या खोलीत बोटभर धूळ होती. पेटीवर मात्र धूळ नव्हती. उघडून पाहिलं तर आतही नव्हती. पेटी कोरडी, स्वच्छ आणि रिकामी!

मी विज्ञानाचा पदवीधर. जिथं धूळ नाही आणि वाळवी नाही, ती जागा सगळ्यात सुरक्षित, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथं काढला. वाचकहो, निरीक्षण बरोबर होतं, एवढं ध्यानात ठेवा.

"दोन महिन्यांत या कचेरीचं काम शास्त्रशुद्ध करून दाखवतो," मी हेडक्लार्क नानाजींना सांगितलं.

नानाजींनी पानाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "करा ना. जागा लय हाये."

माझी योजना सोपी होती. नागपूरला एका व्याख्यानात मी ऐकलं होतं, की परदेशात एकाच गावाचे वेगवेगळे नकाशे एका यंत्रात घालतात. एकात घरं, एकात पाणी, एकात खडक. यंत्र ते एकमेकांवर बसवून सांगतं, की काय कुठं बांधावं. आमच्याकडे यंत्र नव्हतं. यंत्राच्या जागी मी होतो. आणि ट्रेसिंगचं कापड होतं. खळ लावलेलं, निळसर, चकचकीत, काचेसारखं आरपार दिसणारं. एका कापडावर गावातली घरं आणि विहिरी काढायच्या, दुसऱ्यावर जमिनीखालचा खडक. दोन्ही कापडं गावाच्या मूळ नकाशावर अंथरायची. विहिरीची जागा आपोआप दिसते! कुणाच्या ओळखीची गरज नाही, कुणाच्या चहाची नाही.

पहिलं गाव ठरलं बोरगव्हाण. शिरपूरच्या एस.टी.नं फाट्यावर उतरून साडेतीन किलोमीटर पायी. गावाला एक सार्वजनिक विहीर मंजूर होती आणि मागणारे दोघं होते. एक, नाल्यापलीकडची बौद्ध वस्ती: घरं एकसष्ट, विहिरी शून्य. दुसरे, जगदेवराव: घर एक, स्वतःच्या विहिरी दोन. त्यांना तिसरी संत्र्याच्या मळ्याला लागून हवी होती. वाटसरूंसाठी, असं अर्जात लिहिलं होतं. त्या मळ्याकडे जाणारी वाट मळ्यातच संपते.

योजनेचे नियम मीच लिहिले आणि कचेरीच्या साहेबांकडून मंजूर करून घेतले. नियम पहिला: अर्ध्या मैलाच्या आत सार्वजनिक विहीर असेल, तर नवी मिळणार नाही, मग ती दुसऱ्या अर्जदाराला. नियम दुसरा: जे कापडावर दिसेल तेवढंच ग्राह्य, तोंडी माहिती ग्राह्य नाही. हा दुसरा नियम लिहिताना मला जगदेवराव दिसत होते. किती हुशार होतो मी!

एकोणीस दिवस मी बोरगव्हाणात मोजणीची साखळी ओढली. वस्तीतल्या पंचफुलाबाई रोज पहाटे गावठाणातल्या विहिरीवर जायच्या. एके दिवशी मी त्यांच्या मागं मोजत गेलो. जाताना एक हजार तीनशे बारा पावलं. भरला हंडा डोक्यावर घेऊन येताना एक हजार पाचशे चाळीस. भरल्या हंड्यानं पाऊल आखूड पडतं. हे मला पुस्तकात कुठं सापडलं नव्हतं.

"काय मोजून राह्यले साहेब?" त्यांनी मागं न वळता विचारलं. हंडा डोक्यावर असताना वळता येत नाही.

"पावलं."

"मंग आमाले पगार काहून भेटत नाही? आमी बी तं रोज मोजतो."

विहिरीवर पोचल्यावर नंबर कुणाचा आधी लागायचा आणि कुणी थांबायचं, तेही मी पाहिलं. पण ते नकाशावर दाखवता आलं नाही. त्यासाठी रंग ठरलेला नव्हता.

कापडं तयार झाली. घराला लाल ठिपका, विहिरीला निळा, नाल्याची रेघ काळी. शाई खास मागवलेली, वॉटरप्रूफ. कोपऱ्यात बरोबर पाच इंचांची मापपट्टी. वस्तीपासून सार्वजनिक विहीर कापडावर चार पूर्णांक सतरा शतांश इंच, म्हणजे जमिनीवर दोन हजार सातशे बावन्न फूट. अर्धा मैल म्हणजे दोन हजार सहाशे चाळीस. वस्तीला विहीर मिळत होती, एकशे बारा फुटांनी!

अठ्ठावीस मार्चच्या संध्याकाळी मी दोन्ही कापडं घडी करून त्या सुरक्षित पेटीत ठेवली.

एकोणतीसला सकाळी पेटी कोरडी, स्वच्छ आणि रिकामी होती.

"नानाजी! चोरी!" मी ओरडलो.

"कायची?"

"पेटीतली कापडं!"

नानाजींनी शांतपणे ड्रॉवर उघडला आणि एक लांबट वही माझ्यापुढं ठेवली. "चोरी कायले म्हणता? वाटप हाये ते. सह्या घेतल्या."

वहीत यादी होती. डावीकडे नावं, उजवीकडे बाळ जन्मल्याची तारीख. तेव्हा मला कळलं, की ट्रेसिंगचं कापड दोनदा साबणानं धुतलं की त्याची खळ जाते आणि आत मलमलीपेक्षा मऊ सुती कापड निघतं. तान्ह्या मुलाच्या अंगाला त्यासारखं कापड साऱ्या बाजारात नाही. त्यामुळे काम झालेली जुनी कापडं खिडकीखालच्या पेटीत टाकायची आणि ज्याच्या घरी बाळ आलं त्यानं क्रमानं न्यायची, ही कचेरीची बावीस वर्षांची पद्धत होती. बावीस वर्षांत या क्रमाबद्दल एकही तक्रार नव्हती. कचेरीच्या दुसऱ्या कुठल्याच कामाबद्दल असं म्हणता येत नाही. आणि पेटीवर धूळ का नव्हती, हेही मला आता कळलं!

"पण हे नवं कापड होतं!"

"पेटीत होतं ना?" नानाजी म्हणाले. "मंग?"

यादीत अखेरच्या दोन नोंदी होत्या. एक: शिपाई पुंजाजी, नातू. दुसरी: नानाजी स्वतः, तारखेच्या जागी "अपेक्षित". नानाजींच्या सुनेला आठवा महिना होता. त्यांनी खडकाचं कापड घरून जसंच्या तसं आणून दिलं. तोंड जरा उतरलं होतं.

पण घरांचं आणि विहिरींचं कापड पुंजाजीकडे गेलं होतं.

मी सायकल काढली. पुंजाजीच्या अंगणात त्याची बायको सोजरबाई दोन महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नातवाच्या अंगात नवं झबलं. झबल्यावर दोनशे बारा लाल ठिपके.

"साहेब, कापड झकास हाये, पण तुमी हे काय गोंदून ठेवलं?" सोजरबाईनं मलाच झापलं. "रात्रीतून तीनदा घासलं, तरी गोवर जाईना! सकाळपासून तीन बाया लेकराले पाहून लांबूनच माघारी गेल्या!"

वॉटरप्रूफ शाई. पैसे वसूल!

"बाई, हे झबलं मला उद्यापुरतं द्या. एका वस्तीच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"नाही भेटणार."

"का?"

"आमच्या घरात लेकराचं झबलं पाच महिने परक्याच्या हातात देत नाही. माह्या सासूनं दिलं नाही, मी बी देणार नाही."

मी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी आकाशाकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी तीस मार्च, शनिवार. एकतीसला रविवार, आणि त्यानंतर मंजुरी रद्द. अकोल्याहून इंजिनिअर वानखडे साहेब जागेवर सही करायला थेट बोरगव्हाणात येणार होते. कापड नव्यानं काढायला एकोणीस दिवस लागले असते. माझ्याकडे एकोणीस तास होते.

शेवटी सोजरबाईनंच तोडगा काढला. "झबलं पायजे ना? मंग लेकरू बी न्या. अन् मले बी."

अशा रीतीनं शनिवारी सकाळी जीपमध्ये मी, नानाजी, पुंजाजी, सोजरबाई, मूळ नकाशा, खडकाचं कापड आणि बोरगव्हाणची सगळी घरं अंगात घालून पुंजाजीचा नातू, असे निघालो. नानाजींनी विचारलं, "साखळी घ्यायची का?"

"नकाशा असताना साखळी कशाला?" मी म्हणालो. हे वाक्य मला त्या दिवशी पुष्कळदा आठवलं.

बोरगव्हाणात शाळेसमोर टेबल मांडलं होतं. एका बाजूला जगदेवराव आणि गावठाणातले लोक, दुसऱ्या बाजूला वस्तीतले. पंचफुलाबाई रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. वानखडे साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. मी मूळ नकाशा अंथरला, त्यावर खडकाचं कापड ठेवलं.

"आणि घरांचं कापड?" साहेबांनी विचारलं.

मी सोजरबाईला खूण केली. तिनं नातवाला नकाशावर ठेवलं.

मी घसा साफ केला आणि प्रकार काय झाला, ते तारखा-वारांसह सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाळ तिथंच होतं.

"हं. वस्ती कुठं आहे यात?"

"पाठीवर, साहेब."

"आणि सार्वजनिक विहीर?"

"छातीवर. डाव्या बाजूला."

"माह्यं घर कुठं हाये?" जगदेवराव पुढं आले. वाकून त्यांनी झबलं नीट न्याहाळलं. "अन् गोठा? अन् मळा?"

सोजरबाई म्हणाली, "ते गळ्यात गेलं, बापा."

"गळ्यात?"

"मंग लेकराचं डोस्कं कुठून काढू?"

वस्तीकडच्या लोकांत हशा पिकला. जगदेवरावांचे कान लाल झाले. "साहेब, लेकरू उताणंच ठेवा! गाव समोर पायजे!"

"उताणं कायले?" वस्तीतून आवाज आला. "पालथं घाला! आमी पाठीवर हाओत!"

"उताणं!"

"पालथं!"

पाच मिनिटं बोरगव्हाण या प्रश्नावर दुभंगलं होतं. बाळ दोन्ही बाजूंना हसून पाहत होतं. मग त्यानं आपलं मत दिलं. नकाशावर एक ओला गोल पसरत गेला आणि मळ्याच्या जागी येऊन थांबला.

"पाहा!" जगदेवराव टाळी वाजवून म्हणाले. "पाणी तं माह्याच मळ्यात लागलं!"

"जगदेवराव, मागं व्हा," साहेब म्हणाले. "तुम्ही मोजा हो, बी.एस्सी."

मी दोरा घेतला. एक टोक छातीवरच्या निळ्या ठिपक्यावर, तिथून खांद्यावरून पाठीवरच्या वस्तीपर्यंत. बाळाला गुदगुल्या झाल्या, म्हणून तीन वेळा मोजावं लागलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. तीन पूर्णांक ब्याण्णव!

"किती फूट झाले?" साहेबांनी विचारलं.

"दोन हजार पाचशे सत्याऐंशी."

"म्हणजे अर्ध्या मैलाच्या आत."

"तेच तं!" जगदेवराव म्हणाले. "वस्ती आमच्या विहिरीजवळच हाये! मंग दुसरी विहीर कायले? नियम पाळा ना साहेब!"

पंचफुलाबाईंनी हंडा खाली ठेवला. "जवळ हाये? चाल बरं भाऊ माह्यासंगं एक खेप. हंडा मी उचलतो, तू नुसता चाल."

"साहेब, कापड आटलंय!" मी ओरडलो. "तीनदा धुतलंय! मी सिद्ध करतो. कापडावर पाच इंचांची मापपट्टी आहे. ती किती उरली ते पाहू." मी झबल्याचे चारही काठ पाहिले. "सोजरबाई, इथला कोपरा कुठं गेला?"

"त्याची नाडी केली."

"नाडी कुठंय?"

नाडी बाळाच्या तोंडात होती. ती हळूच ओढून काढली आणि मोजली. चार पूर्णांक सात दशांश! शेकडा सहा आटलं! त्या हिशेबानं तीन पूर्णांक ब्याण्णवचे पुन्हा चार पूर्णांक सतरा होत होते. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं.

"चघळलेल्या नाडीवर विहीर देता का साहेब?" जगदेवरावांनी विचारलं. "ओलं कापड ताणलं तं वाढते, सोडलं तं आटते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "यांचं म्हणणं चूक नाही. साखळी आहे ना? जमिनीवरच मोजून टाका."

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या चाकाकडे पाहिलं.

"दोर आणतो," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"दोर बी ताणते," जगदेवराव म्हणाले.

"पावलं मोजा मंग. मी सांगतो ना, तेराशे बारा."

मी दचकलो. त्यांचा आणि माझा आकडा एकच होता!

"तोंडी माहिती चालत नाही बाई," जगदेवराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "नियम हाये. या साहेबानंच लिवला."

साडेअकरा वाजले होते. ऊन असं, की नकाशावरचा ओला गोल केव्हाच सुकला होता. तेवढ्यात गर्दीतून जगदेवरावांच्या पत्नी तुळसाबाई पुढं आल्या. काखेत एक घडी होती.

"हे घ्या. कोरं लुगडं. पाणी बी लागलं नाही त्याले. मिलचा शिक्का हाये, नऊ वार."

"तू कायले मधात पडतं?" जगदेवराव गुरगुरले.

"मधात नाही पडत. जेवाची वेळ झाली. तुमचं भांडण सरलं तं मी भाकरी टाकीन."

मी लुगडं सावलीत अंथरलं आणि फूटपट्टीनं मोजलं. बरोबर सत्तावीस फूट.

"पण नियम दुसरा," साहेब नियमाचा कागद वाचून कपाळ चोळत म्हणाले. "मोजमाप कापडावरचंच ग्राह्य, असं लिहिलंय."

तेव्हा नानाजींनी, ज्यांच्या सुनेला आठवा महिना होता आणि ज्यांचं कापड आदल्या दिवशी मी हिरावून घेतलं होतं, पानाची गोळी या गालातून त्या गालात नेली. "साहेब, लुगडं कापडच हाये. कोणतं कापड, ते नियमात लिवलं नाही."

साहेबांनी नियमाचा कागद पुन्हा वाचला. "खरंच नाही लिहिलं," ते म्हणाले.

लुगड्याचं एक टोक तुळसाबाईंनी धरलं, दुसरं पंचफुलाबाईंनी. विहिरीपासून सुरुवात. तुळसाबाई उभ्या राहायच्या, पंचफुलाबाई लुगडं ताठ होईपर्यंत पुढं जायच्या, पुंजाजी तिथं खडा ठेवायचा आणि सगळं गाव आकडा म्हणायचं. चाळीसपर्यंत दोन्ही बाजू वेगवेगळ्या सुरात म्हणत होत्या. नाला उतरताना एकसष्टचा आकडा दोनदा पडला, त्यावर वाद झाला आणि परत मागं जाऊन खडे मोजले. सत्तर ते ऐंशी बाभळीचे काटे. पहिल्यांदा लुगडं फाटलं, तेव्हा जगदेवराव कळवळले. पाचव्यांदा फाटलं, तेव्हा ते आकडे म्हणायचे थांबले.

अठ्ठ्याण्णवाला साहेबांनी हात वर केला. "अर्धा मैल झाला. वस्ती कुठंय?"

"अजून पुढं हाये साहेब," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि लुगडं ओढत चालू लागल्या.

पहिल्या घराच्या उंबऱ्याला टोक टेकलं तेव्हा गावानं आकडा म्हटला: एकशे दोन! साहेबांनी तिथंच, पुंजाजीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. वेळ: एक वाजून दहा मिनिटं. अंतराच्या रकान्यात त्यांनी त्यांना दिसलं ते लिहिलं: "१०२ लुगडी".

जागा खडकाच्या कापडावरून ठरली. ते कापड संध्याकाळी मी नानाजींच्या घरी स्वतः नेऊन दिलं. तुळसाबाईंना नवं लुगडं देण्याची तरतूद कुठल्याही नियमात नव्हती, म्हणून ते मी दिलं. मिलचा शिक्का पाहून घेतला.

एप्रिलच्या चार तारखेला वरून पत्र आलं: "'लुगडी' या परिमाणाचा खुलासा करावा." नानाजींनी खुलासा केला. एक लुगडं म्हणजे नऊ वार, कोरं, न धुतलेलं. जूनमध्ये दुसरं पत्र आलं, की ही नकाशा-पद्धत उपयुक्त असून आणखी चार गावांत राबवावी. कापडाची मागणी नानाजींनीच लिहिली: नकाशांसाठी आठ, यादीसाठी सात.

पत्र आलं त्याच आठवड्यात मी साखळी घेऊन बोरगव्हाणात गेलो. नव्या विहिरीला पाणी एकेचाळीस फुटांवर लागलं होतं. पंचफुलाबाई हंडा घेऊन निघाल्या, मी मागून निघालो.

जाताना एकशे अठरा पावलं. भरून येताना एकशे सदतीस.